भर मे महिन्यात उन्हावाचून

माझ्या मुलीची डावी मूठ पहिल्यांदा हलली तेव्हा मला वाटलं, ती झोपेत काहीतरी धरून ओढते आहे. मे महिन्यातली दुपार होती. कूलर चालू होता, पडदे ओढलेले होते, आणि मी तिच्या बाजूला कुशीवर पडून तिच्याकडे बघत होते. तिला तिसरा महिना लागला होता. मूठ एकसारखी हलत होती, थोडी वर, थोडी खाली. मी हसलेसुद्धा. मग गंमत म्हणून ती मूठ माझ्या हातात धरली.

धरल्यावर ती थांबायला पाहिजे होती. थांबली नाही. माझ्या बोटांच्या आत ती तशीच हलत राहिली, मी घट्ट धरली तरी. मी वर पाहिलं तर मुलीचे डोळे उघडे होते आणि भिंतीच्या एका कोपऱ्याला लागलेले होते. मी तिच्या डोळ्यांपुढे हात फिरवला. पापणी लवली नाही.

किती वेळ गेला ते मला आजही सांगता येत नाही. मग मूठ सैल पडली, तिने एक लांब श्वास घेतला, थोडी किरकिरली, आणि छातीशी घेतलं तर रोजच्यासारखी दूध प्यायली. पोट भरल्यावर माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्याने मला फसवलं. आजारी लेकरू असं हसत नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि उठून स्वयंपाकघरात गेले. सासूबाई कणीक मळत होत्या.

"आई, पोट्टीचा हात कसातरीच हलत होता. डोळे पण एकीकडे लागले होते."

"झोपेत सटवाई खेळवते व लेकराले. हसवते, रडवते. तू भी लहानपनी अशीच करत असशीन."

"डोळे उघडे होते, आई."

त्यांचे हात थांबले नाहीत, पण हळू झाले. "आता कशी हाये?"

"आता हसून राहिली."

"मंग झालं त."

मीही मग झालं असंच धरलं. पण त्या रात्री मला झोप म्हणून लागली नाही. ती झोपली होती आणि मी तिच्या मुठींकडे बघत बसले होते.

पुढचं कळावं म्हणून आधी आमच्या घराबद्दल सांगते. माझे बाबा रेल्वेत गँगमन होते. सब्बल, म्हणजे पहार, आणि घण घेऊन दिवसभर रुळावर. त्यांच्या मानेवर शर्टाच्या कॉलरची रेघ होती. रेघेच्या वरचा माणूस वेगळा आणि खालचा वेगळा वाटावा इतका रंगाचा फरक. आमच्याकडे शिक्षणाचा अर्थ एकच होता. "पोरी, तू सावलीत बसजो," असं ते म्हणायचे. मी बसले. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात पहिली ग्रॅज्युएट मी. बी.कॉम., सेकंड क्लास, आणि त्या सेकंड क्लासची मला कधी लाज वाटली नाही. रायपुरातच, शंकर नगरमधल्या एका ऑफिसात हिशेबाची नोकरी लागली. एसी, काचांवर काळी फिल्म, दिवसासुद्धा ट्यूबलाइट. बाबा एकदा बघायला आले होते. माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, "इथं त दिवस हाय का रात, हेच समजत नाही." ते कौतुकाने म्हणाले, आणि मीही कौतुक म्हणूनच घेतलं.

घर ते ऑफिस स्कूटीवर. रायपूरच्या पोरी निघतात तशीच मी निघायची, डोक्यातोंडाला स्टोल गुंडाळून, दंडापर्यंतचे हातमोजे चढवून, गॉगल लावून. डोळ्यांच्या कडा सोडल्या तर माझ्या अंगाला वर्षभर ऊन ठाऊक नव्हतं. लग्न होऊन बूढापारा या जुन्या वस्तीत आले ते घरही तसंच. वस्तीतल्या तळ्यापासून दोन गल्ल्या आत, तळमजल्यावर, भाड्याचं. दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती, आणि समोरचे छज्जे इतके पुढे आलेले की ऊन वरच्या मजल्यावर येऊन तिथूनच परत जायचं. आमचे हे शहराच्या टोकाला भनपुरीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ट्रकांचं बुकिंग बघतात. सकाळी जातात आणि अंधार पडल्यावर धूळ झटकत घरात येतात. बाळंतपणाच्या रजेत घरात दिवसभर मी आणि सासूबाई.

पोटात मुलगी होती तेव्हा सातव्या महिन्यापासून माझी कंबर आणि मांड्या ठणकायच्या. ऑफिसचा जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला ओढून घ्यावं लागायचं. तपासणीत कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्यांनी मळमळायचं, म्हणून कधी घेतल्या, कधी नाही. दुखण्याबद्दल ज्याला विचारावं तो म्हणायचा, दिवस आहेत, दुखणारच. बाळंतपणानंतर दुखणं वाढलं, तेव्हा म्हणायचे, ओली बाळंतीण आहे, दुखणारच. मला वाटलं, आई होणं म्हणजे हेच असतं.

आता घुटीची गोष्ट. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून घरी सोडताना एका बाईंनी आम्हा बाळंतिणींना बसवून समजावलं होतं: सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, मध नाही, घुटी नाही. मी ते पाठ केलं. परीक्षेला पाठ करायची तसं. त्याच वेळी एक छोटी बाटलीही दिली होती, ड्रॉपरची, बाळाला रोज द्यायचे थेंब. घरी आले तर सासूबाईंनी सहाण धुऊन ठेवलेली, आणि बाजूला वाटीत वेखंड, हळकुंड, जायफळ, हिरडा, मुरुडशेंग. गोंदियाहून त्यांच्या बहिणीकडून मुद्दाम मागवलेलं सामान.

मी म्हटलं, "आई, हे नाही द्यायचं. सहा महिने काहीच नाही."

"काहून? याले मी दिली," त्यांनी माझ्या नवऱ्याकडे हात केला, "मेला का तो?"

"आता तसं नसते आई. पाणीसुद्धा नाही द्यायचं म्हणतात."

"पानी भी नाही?"

"पाणी भी नाही."

त्यांनी माझ्या हातातली बाटली पाहिली. "मंग हे काय हाय? हे पानीच हाय ना? का दुकानातलं आलं म्हनून चालते?"

त्यांचं म्हणणं मला पटलंच जवळजवळ. नियम म्हणजे नियम. आमचे हे हसत म्हणाले, "आई बराबर बोलून राहिली. देना है तो दोनों दो, नहीं तो एक भी मत दो." मी घुटी हरवायला इतकी आतुर होते की म्हटलं, ठीक आहे, दोन्ही नाही. सासूबाईंनी सहाण उचलून ठेवली, मी बाटली ठेवली, आणि त्या दिवसापासून घरात शांतता झाली. शेजारच्या बायका विचारायच्या, तर सासूबाईच सांगायच्या, "आमची सून शिकलेली हाये. फक्त दूध." त्यात टोमणाही असायचा आणि मिरवणंही असायचं, आणि मला दोन्ही आवडायचं.

बाहेर न्यायचं तर नावच नको. आधी बाळंतिणीची खोली म्हणून खिडक्या बंद, कान बांधलेले. मग उन्हाळा लागला तर लू लागेल म्हणून बंद. आणि मुलगी जरा उजळ निघाली होती, तेव्हा तेही होतंच. "उनात नेशीन त काळी पडन पोट्टी," सासूबाई म्हणायच्या. मी तोंडाने म्हणायची की काळी पडली तर काय झालं. पण नेलं मीही नाही.

दुसऱ्यांदा झटका आला तो सासूबाईंच्या मांडीवर. पहिल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी न्हाऊन झाल्यावर. त्या तिला तेल लावून टॉवेलात गुंडाळून बसल्या होत्या. मी आतून त्यांचा आवाज ऐकला. ओरडल्या नाहीत त्या. माझं नाव त्यांनी इतक्या हळू घेतलं की मी धावत गेले. या वेळी दोन्ही हात, दोन्ही पाय. तोंड एका बाजूला ओढलेलं आणि ओठांभोवती निळं. सासूबाई टॉवेलासकट तिला पुढे धरून बसल्या होत्या, जणू कोणीतरी घ्यावी म्हणून.

समोरच्या घरातली छत्तीसगढी बाई दारातून आत आली. "का होगे नोनी ला?" तिने पाहिलं आणि लगेच स्वतःच्या पायातली चप्पल काढली. "पनही सुंघा दे, पनही. मिरगी आय." मिरगीला, आकडीला चप्पल हुंगवतात, हे मला माहीत होतं. पण ती चप्पल आता माझ्या मुलीच्या नाकाकडे येत होती. सासूबाईंनीच तिचा हात बाजूला केला. "नको व बाई. लहान हाये." आणि मग माझ्याकडे वळून, "रिक्षा बोलाव."

त्या बाईने मिरगी म्हटलं ते मी ऐकलं होतं, सासूबाईंनीही ऐकलं होतं. रिक्षात बसल्यावर त्या पहिलं वाक्य बोलल्या ते हे, "कोनी पुसलं त ताप होता म्हन."

"ताप नाहीये, आई."

"मले दिसते नाहीये ते. पोट्टी हाय ती. एकदा नाव लागलं का लग्नाले कोनी पुसन का तिले? कोनी पुसन नाही."

गल्लीत स्कूटर, हातगाड्या, कुठे एखादी गाय; रिक्षा दर दहा पावलांवर थांबत होती, आणि मी मुलीच्या नाकापाशी गाल धरून श्वास जाणवतो का ते बघत होते. जाणवत होता. थोड्या वेळाने ती माझ्या मंगळसूत्राशी खेळायला लागली. तिच्यात कोणीतरी शिरतं आणि निघून जातं, आणि जाताना तिला आहे तशी परत ठेवून जातं, असं वाटत होतं. पुढच्या वेळी ठेवेलच याची काय खात्री, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

दवाखान्यातली लहान मुलांची डॉक्टर माझ्याच वयाची होती, हिंदी बोलणारी. तिच्या टेबलावरच तिसरा झटका आला, त्यामुळे मला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने नर्सला काहीतरी सांगितलं, मुलीला कुशीवर केलं, तोंडावर ऑक्सिजन धरला आणि आमच्याकडे न बघता विचारत गेली.

"बुखार था?"

"नहीं."

"कहीं गिरी? सिर पे चोट?"

"नहीं."

"पहली बार कब हुआ?"

"कल. दोपहर में."

"कल?" एवढंच म्हणाली. तिने मान वर करून पाहिलं नाही, पण मला ते पाहिल्यासारखंच लागलं.

झटका ओसरल्यावर तिने रक्त काढून पाठवलं. मग मुलीच्या डोक्याच्या मागे, कानाच्या वर, अंगठ्याने हळूच दाबलं. तिथलं हाड आत गेलं आणि अंगठा काढल्यावर टुपकन वर आलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. माझ्या मुलीचं डोकं दाबलं जात होतं. मी रोज त्या डोक्याला तेल लावत होते आणि मला कधी कळलं नव्हतं. डॉक्टरने दोन्ही मनगटं चाचपली, छातीच्या फासळ्यांवरून बोट फिरवलं, एक्स-रे सांगितला, आणि म्हणाली की मेंदूत इन्फेक्शन नाही ना हे बघायला पाठीतून पाणी काढावं लागू शकतं, तयारी ठेवा.

तोवर आमचे हे भनपुरीहून पोहोचले होते. पाठीतून पाणी म्हटल्यावर सासूबाईंनी त्यांची बाही धरली. "पाठीत सुई टोचली का माणूस लुळं पडते. आपल्या घरासमोरच्या मास्तराच्या भाच्याचं काय झालं होतं?"

"आई, त्याला आधीच काहीतरी होतं."

"सही नको करू."

"तुम्ही सांगा," ते मला म्हणाले. ते मला एरवी तुम्ही म्हणत नाहीत. शिकलेली म्हणून मला विचारत होते. मी हिशेब शिकले होते. पाठीच्या मणक्यातलं पाणी कुठून येतं हे मला काय माहीत? तरी मी म्हटलं, "काढू द्या. बघणं तर लागेलच." आणि मनात म्हणत होते, मी हिला लुळी करते आहे का वाचवते आहे?

सही झाली, पण पाणी काढावं लागलं नाही. त्याआधी रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टर स्वतः बाहेर आली.

"कैल्शियम बहुत कम है. दौरे उसी से आ रहे हैं."

सासूबाई म्हणाल्या, "कॅल्शियम त म्हातारपनी कमी होते, मॅडम. हे त कालचं लेकरू."

मुलीच्या हाताला नस सापडायला वेळ लागला. मग कॅल्शियम चढवायला सुरुवात झाली, इतकं हळू की थेंब पडतो का नाही हेच कळेना. छातीवर तारा लावल्या, आणि एक नर्स पूर्ण वेळ त्या पडद्यावरच्या रेघेकडे बघत उभी राहिली. मी विचारलं, इतकं हळू का. ती म्हणाली, जोरात गेलं तर हृदयाचे ठोके मंदावतात. आणि इथे सूज आली तर लगेच सांगा, नसेच्या बाहेर सांडलं तर कातडी जळते. हे ऐकल्यावर मी तिच्या हातावरून नजर काढली नाही. झटक्यांची भीती एका बाजूला, झटक्यांवरच्या औषधाची दुसऱ्या बाजूला, आणि मधे तो हात, माझ्या दोन बोटांएवढा.

थोड्या वेळाने डॉक्टरने आम्हा तिघांना बसवलं. कॅल्शियम शरीरात घ्यायला व्हिटॅमिन डी लागतं, म्हणाली, आणि मुलीत ते नसल्यासारखंच असावं. मनगटाच्या एक्स-रेत हाडांची टोकं विरलेली दिसत होती. मग तिने विचारलं, "ड्रॉप्स दे रहे थे ना? जो छुट्टी के समय दिए थे?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. त्या क्षणी आम्हा दोघींना एकाच गोष्टीची भीती वाटत होती, की दुसरी आधी बोलेल.

"नहीं," मी म्हटलं. "हमने तय किया था छह महीने कुछ नहीं देंगे. सिर्फ दूध."

"ड्रॉप्स उस 'कुछ' में नहीं आते," डॉक्टर म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "माँ के दूध में डी वैसे भी कम होता है. इसीलिए तो देते हैं."

सासूबाईंना राहवलं नाही. "मॅडम, ते डी उनातून भेटते म्हनतात ना? रायपूरमदी ऊन कमी पडलं? बाहेर डांबर पघळून राहिलं."

डॉक्टर पहिल्यांदा थोडी हसली. "माताजी, धूप शहर में है. बच्ची के ऊपर कहाँ है?" मग माझ्याकडे वळली. "आप ज़रा उठिए. हाथ टेके बिना."

मी बुटक्या स्टुलावर बसले होते. हात मांडीवर ठेवून उठायला गेले. मांड्यांनी उचललंच नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुढे झुकले, आणि पडू नये म्हणून टेबलाची कड धरली. आमचे हे बघत राहिले. महिनोन्महिने मी भिंतीला, कठड्याला, पलंगाला धरून उठत होते, आणि घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

माझंही रक्त काढलं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. तो दाखवताना डॉक्टरने जे सांगितलं ते मी मराठीत सांगते. बाळ जन्माला येतं तेव्हा डीचा साठा आईकडून घेऊन येतं. तुमच्याकडेच नव्हता, मग ती काय घेऊन येणार. पोटात होती तेव्हापासून तिला कमीच पडत गेलं.

मला तोवर वाटत होतं की बाहेरून काहीतरी येऊन मुलीला धरतं आहे. बाहेरून काही आलंच नव्हतं. नऊ महिने ती माझ्यात होती, नंतर माझ्या दुधावर होती, आणि जे नव्हतं ते मीच तिला देत होते. मी व्हरांड्यात येऊन उभी राहिले. कठड्यावर ऊन होतं, तिथं हात टेकला तर चटका बसला आणि मी तो मागे घेतला.

सासूबाई मागून आल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी त अडानी. मले काय समजते. पन तू त शिकलेली होती ना व?"

त्यांना टोमणा मारायचा होता असं मला आजही वाटत नाही. त्यांना खरंच विचारायचं होतं. त्या माझ्या शिक्षणावर विसंबल्या होत्या, मी नियमावर विसंबले होते. मी म्हटलं, "मले बी एवढंच समजलं होतं, आई." मी सासरी मले-तुले बोलत नाही, कॉलेजात सोडलं होतं. त्या दिवशी तोंडातून तेच निघालं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चाल. आत एकटी हाये ती."

कॅल्शियम सुरू झालं म्हणजे सुटलो, असं मी समजले होते. पण दुसऱ्याच सकाळी, हाताला सलाइन लागलेली असताना, पुन्हा झटका आला. छोटाच, पण आला. मी डॉक्टरचा हात धरला. "आपने तो कहा था..."

"मैंने कहा था कम होंगे. एकदम नहीं रुकते. हड्डियाँ भी तो खींच रही हैं कैल्शियम." तिने मला मुलीच्या उशाशी बसवलं. कालपासून विचारायचं होतं ते मी तेव्हा विचारलं.

"दिमाग पर असर होगा क्या?"

डॉक्टरने आधी मुलीच्या डोळ्यांत टॉर्चचा उजेड टाकून पाहिला. त्या तेवढ्या वेळात मी माझ्या मुलीचं सगळं पुढचं आयुष्य बघितलं, आणि त्यात काहीच चांगलं नव्हतं. मग म्हणाली, "मुझे नहीं लगता. सोनोग्राफी ठीक है, बीच-बीच में बच्ची बिल्कुल नॉर्मल है. लेकिन देखना पड़ेगा. गर्दन, बैठना, चलना, बोलना. समय पर हो रहा है कि नहीं."

देखना पड़ेगा. डॉक्टरने ते सहज म्हटलं असेल. मी ते शब्द घरी घेऊन आले.

घरी आल्यावर थेंबांची बाटली नवी होती. कमी दिलं तर झटका, आणि डॉक्टरने बजावलं होतं की घाईने जास्त दिलं तर तेही विषच, मूत्रपिंडाला लागतं. ड्रॉपर मी उजेडात धरून बघायची, रेघेवर आहे का, सासूबाईंना दाखवायची, मग त्यांच्या मांडीवर मुलगी आणि मी थेंब देणारी. दोघींनी बघितल्याशिवाय एकही थेंब तिच्या तोंडात गेला नाही. माझ्यासाठी आठवड्याला डीची एक पुडी दुधातून. सासूबाई पहिल्या दिवशी तिला छतावर घेऊन निघाल्या होत्या, भर अकराच्या उन्हात. मी जिन्यात अडवलं. डॉक्टरने सांगितलं होतं, या दिवसांत एवढ्या लहान लेकराला उन्हात टाकू नका, आणि काचेतून येणारं ऊन तर काही कामाचं नाही, सध्या थेंबच. त्या थांबल्या, पण म्हणाल्या, "तवा ऊन नाही म्हनून मरत होती, आता ऊन भेटून राहिलं त नेऊ नको म्हनते." मला हसू आलं. कित्येक दिवसांनी.

शेजारी त्यांनी तापच सांगितला. समोरच्या बाईलाही तेच पटवलं, मिरगीचं नाव गल्लीत पसरलं नाही. आमच्या ह्यांना ते पटलं नव्हतं, "लपवायला काय चोरी केली का?" म्हणाले होते. मी सासूबाईंच्या बाजूने राहिले. मला अजून खात्री नव्हती की ती मिरगी नाहीच. डॉक्टरने नाही सांगितलं होतं, समजावून सांगितलं होतं, मला समजलंही होतं. पण समजणं वेगळं आणि भीती जाणं वेगळं.

मान तिने सावरली, थोडी उशिरा. मग बसण्याची वाट. जाऊबाईंचा मुलगा त्या वयात बसत होता, शेजारची पोर बसत होती. आमची बसवली की बाजूला कलंडायची. सासूबाई तिच्या दोन्ही बाजूंना उशा लावून, मागे तक्क्या लावून तिला बसवायच्या आणि ह्यांना दाखवायच्या, "पाह्य, बसते." ते कामावर गेले की मी उशा काढायची. ती कलंडायची. मी पुन्हा लावून ठेवायची. त्या काढल्या होत्या हे सासूबाईंना कळायचं, कारण उशा दुसऱ्या जागी असायच्या.

दिवाळीनंतर मी एकदा जमिनीवर तिच्यासमोर बसले होते. दाराची कडी वाजली म्हणून उठले, दार उघडलं, दूधवाल्याला परत पाठवलं, आणि वळल्यावर लक्षात आलं की मी हात न टेकता उठले होते. मांड्यांत ताकद आली होती, कधी आली ते कळलंच नाही. आणि तेव्हाच मला दिसलं की मुलगी बसलेली आहे. उशा नव्हत्या. तिचा एक हात पुढे जमिनीवर टेकलेला, बेडकासारखी, पण बसलेली. सासूबाई तिच्या मागे गुडघ्यावर होत्या, दोन्ही हात तिच्या दोन बाजूंना धरून, न लावता.

"तुम्ही बसवली?"

"मी हात भी नाही लावला." त्यांचा आवाज कुजबुजीचा होता. "हलू नको. पडन."

मी दारातच उभी राहिले. ती डुलत होती. पडली नाही. मला आनंद व्हायला पाहिजे होता, झालाही, पण त्याच्या मागोमाग लगेच चालण्याचा विचार आला. आता चालेल का? आणि मग बोलेल का? देखना पड़ेगा.

हे सगळं होऊन काही वर्षं झाली. ती चालली, बोलली, आणि आता इतकं बोलते की थांबत नाही, तेही हिंदीत. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. मी पुन्हा ऑफिसात जाते, स्टोल अजून बांधते, कारण मे महिन्यात रायपूरमध्ये दुसरं करणार काय. पण सकाळी लवकर आम्ही तिघी छतावर असतो. थेंब आणि औषधं डॉक्टरने हळूहळू कमी करून बंद केली. गेल्या हिवाळ्यात शेवटचं दाखवायला गेलो तेव्हा तिने मुलीला उड्या मारायला लावल्या आणि म्हणाली, आता यायची गरज नाही.

घरी येऊन सासूबाई पलंगावर बसल्या. मुलगी जमिनीवर डबे लावत होती. त्यांनी विचारलं, "आता नाही येनार ना व ते झटके?"

"डॉक्टर म्हणाल्या नाही येणार."

"डॉक्टरनं काय म्हटलं ते म्या ऐकलं. तू सांग."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मुलीकडे बघत होत्या, आणि मला कळलं की त्यांनीही इतकी वर्षं तिच्यावरून नजर काढलेली नाही.

"नाही येणार, आई," मी म्हटलं. म्हणताना मीही मुलीच्या मुठींकडे बघत होते. त्यांनी मान हलवली. मग त्या उठल्या नाहीत आणि मीही उठले नाही. मुलगी दुपारी डब्यांतच झोपून गेली, तरी आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसून होतो.